वितळत्या बर्फातील कावळ्यांची शिकार : मिशिगनच्या शेतांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मिशिगन राज्यात कावळ्यांच्या शिकारीचे वर्षातून दोन हंगाम असतात. पहिला 1 ऑगस्टपासून 30 सप्टेंबरपर्यंत आणि दुसरा 1 फेब्रुवारीपासून 31 मार्चपर्यंत. ऑगस्टमध्ये मका डोक्याएवढा वाढलेला असतो, झाडांना पाने असतात आणि त्या वर्षीची नवखी पिल्ले कोणत्याही हाकेला भुलून येतात, त्यामुळे तो हंगाम तुलनेने सोपा जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये यातले काहीच हाताशी नसते. झाडे उघडी, शेते सपाट आणि पांढरी असतात आणि हिवाळा तगून काढलेला प्रत्येक कावळा अनुभवी असतो. असे असूनही हा दुसरा हंगाम मला अधिक मोलाचा वाटतो, कारण याच दिवसांत पक्षी कुठे येणार हे आदल्या दिवशी बऱ्याच खात्रीने सांगता येते. या लेखात त्याच हंगामाची तयारी क्रमाने दिली आहे. उदाहरणासाठी मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पातील ‘थंब’ नावाने ओळखला जाणारा भाग, म्हणजे ह्युरॉन, टस्कोला आणि सॅनिलॅक या काउंट्यांतील मका, शुगर बीट, घेवडा आणि दुभत्या गाईंचा सपाट मुलूख, डोळ्यांसमोर ठेवला आहे.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. भारतात ही शिकार करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साधा कावळा उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता, पण 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकण्यात आली. पिंडाला शिवणाऱ्या पक्ष्यावर बंदूक धरण्याची कल्पना ज्यांना रुचत नाही, त्यांच्याशी वाद घालण्याचा हेतू नाही. डेट्रॉइटच्या परिसरात राहणाऱ्या आणि शेजाऱ्यांबरोबर शिकारीला जाऊ लागलेल्या मराठी मंडळींना पद्धतशीर माहिती मिळावी, एवढाच उद्देश आहे.

कायदा आणि परवाना

1972 मध्ये मेक्सिकोबरोबरच्या स्थलांतरित पक्ष्यांच्या करारात जी भर पडली, तिच्यामुळे कावळ्यांचे कुळ अमेरिकेच्या संघीय संरक्षणाखाली आले. त्यानंतर राज्यांना कावळ्यांचा हंगाम ठरवण्याचे स्वातंत्र्य राहिले, पण दोन प्रमुख अटींवर : वर्षभरात 124 दिवसांपेक्षा अधिक शिकार नसावी आणि त्या राज्यातील घरटी करण्याच्या ऐन काळात शिकार बंद असावी. मिशिगनच्या दुसऱ्या हंगामाचा शेवट मार्चअखेर का होतो, याचे उत्तर या दुसऱ्या अटीत आहे. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात आठवड्यातील ठरावीक वारीच कावळा मारता येतो. त्यामुळे एका राज्यातील सवय दुसऱ्या राज्यात चालेल असे गृहीत धरू नये आणि दरवर्षी नवी नियमपुस्तिका वाचावी.

मिशिगनमध्ये राज्याचा मूळ शिकार परवाना, ज्याला तिथे ‘बेस लायसन्स’ म्हणतात, कावळ्यासाठी पुरतो. त्याचे वर्ष 1 मार्चला सुरू होऊन पुढील वर्षाच्या 31 मार्चला संपते, म्हणून फेब्रुवारीत जाणाऱ्याकडे आधीच्या मार्चमध्ये सुरू झालेल्या वर्षाचा परवाना असावा लागतो. 1 जानेवारी 1960 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवाना घेताना शिकार-सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी एक मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. अशा परदेशी नागरिकाला संघीय कायद्याने एरवी बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. अमेरिकेतील वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्याच कायद्यात दिलेला एक अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो, आणि मित्राच्या गाडीत त्याची बंदूक आपल्या मांडीवर ठेवणे हेसुद्धा बाळगणेच ठरू शकते. शंका असल्यास स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारावे. येथे चूक झाली तर प्रश्न दंडावर थांबत नाही, तो व्हिसापर्यंत जातो. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही अडचण नाही.

पाहणी : रातथाऱ्यापासून शेतापर्यंत

हिवाळ्यात अमेरिकी कावळे शेकड्यांनी, काही ठिकाणी हजारोंनी एकत्र झोपतात. असा रातथारा बहुधा गावाच्या किंवा शहराच्या कडेला असतो, कारण तिथे थोडी ऊब असते, दिवे असतात आणि रात्री कावळे मारणारे शिंगवाले घुबड दिव्याच्या उजेडात लवकर दिसते. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न आणि पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर ही शहरे अशा प्रचंड रातथाऱ्यांमुळे प्रसिद्ध झाली. उजाडताना हा जमाव तुकड्या-तुकड्यांनी निघतो आणि ठरावीक वाटांनी शेतांकडे जातो. संध्याकाळी परतताना सूर्यास्तापूर्वी एखाद्या मोकळ्या शेतात किंवा झाडांच्या रांगेत तो आधी जमतो आणि मगच झोपायच्या जागी शिरतो.

शिकारीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ याच वाटांच्या शोधात घालवावी. दुर्बीण, नकाशा आणि घड्याळ एवढेच साहित्य लागते. सूर्यास्तापूर्वी दीड तास एखाद्या उंचवट्यावर किंवा चौरस्त्यावर गाडी उभी करून कावळे कोणत्या दिशेने येतात, कोणत्या झाडीवरून वळतात आणि किती उंचीवरून उडतात, याची नोंद करावी. सकाळी तीच वाट उलट दिशेने वापरली जाते, मात्र वारा बदलला तर ती काही शेते बाजूला सरकते. उडणाऱ्या कावळ्यांपेक्षा उतरलेले कावळे अधिक उपयोगी माहिती देतात, म्हणून ते जमिनीवर नेमके काय खात आहेत हे पाहिल्याशिवाय परतू नये.

बर्फाच्या दिवसांत त्यांच्या खाण्याची यादी फार छोटी होते. वाऱ्याने उघडे पडलेले मक्याचे धसकट, दुग्धशाळेतील मुरघासाचे ढीग आणि लांब प्लॅस्टिकच्या पिशव्या, गाडीखाली मेलेले हरीण, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे लहान दुग्धशाळांचे शेतकरी बर्फावरच पसरतात ते ताजे शेण. शेणाचा गडद पट्टा ऊन शोषून घेतो, त्याखालचा बर्फ आधी वितळतो आणि शेणातले न पचलेले मक्याचे दाणे वर येतात. आजूबाजूला अर्धा फूट बर्फ असताना अशा एका पट्ट्यावर सबंध परिसरातील कावळे गोळा होतात. नव्या हिमवृष्टीनंतरचा पहिला शांत दिवस म्हणूनच सर्वोत्तम असतो. उलट तापमान शून्याच्या वर जाऊन दोन दिवस टिकले की सगळीकडची जमीन उघडी पडते, पाणथळ शेतांत गांडुळे वर येतात आणि पक्षी दहा दिशांना पांगतात. अशा दिवशी घरी बसलेले बरे.

रातथाऱ्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ बंदूक चालवू नये. एक तर तो वस्तीजवळ असतो, आणि दुसरे म्हणजे तिथे एकदा गोळीबार झाला की सगळा जमाव जागा बदलतो आणि आपण शोधलेल्या वाटा निरुपयोगी होतात. 1940 च्या सुमारास इलिनॉय राज्यात रातथाऱ्यांत डायनामाइट लावून लाखो कावळे मारले गेले होते. तरीही कावळा अमेरिकेतून हटला नाही, आणि आज त्या प्रकाराचे समर्थन कोणताही जबाबदार शिकारी करणार नाही. रातथाऱ्यापासून निदान दीड-दोन किलोमीटर दूर, खाण्याच्या जागेच्या वाटेवर बसावे.

शेतकऱ्याची परवानगी

मिशिगनमध्ये शेतजमिनीवर आणि तिला लागून असलेल्या झाडीत शिकारीसाठी जाण्याकरिता मालकाची संमती आवश्यक असते, मग तिथे पाटी असो वा नसो. सकाळ-संध्याकाळची दूध काढण्याची वेळ टाळून दुपारी दार ठोठवावे, आपले नाव, गाडीचे वर्णन आणि किती माणसे येणार हे सांगावे. मुरघासाच्या पिशव्यांना कावळे चोचीने भोके पाडतात, हवा आत शिरून चारा सडतो, आणि वसंतात उगवलेल्या मक्याचे कोंब ते उपटून खालचा दाणा खातात, त्यामुळे बहुतेक शेतकरी सहज होकार देतात. त्याच भेटीत दोन प्रश्न विचारून घ्यावेत : पुढचे शेण कोणत्या शेतात पसरणार आणि जनावरे कोणत्या बाजूला आहेत. व्यापलेल्या इमारतीपासून आणि गोठ्यापासून 450 फुटांच्या आत मालकाच्या लेखी परवानगीविना बंदूक चालवता येत नाही. परवानगी असली तरी गोठ्याच्या दिशेने बार काढायचा नाही हे वेगळे सांगायला नको.

लपण

कावळ्याची शिकार बहुतेक वेळा फसते ती लपणात. अन्य पक्षी हालचाल पाहून दचकतात. कावळा हालचाल तर पाहतोच, शिवाय काल नव्हती अशी वस्तू आज कुठे आहे हेही तो पाहतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील जॉन मार्झलफ यांच्या चमूने 2006 मध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून कावळे पकडले, खुणेचे कडे घालून सोडून दिले, आणि पुढे कित्येक वर्षे त्या परिसरातील कावळे तोच मुखवटा दिसताच ओरडून मागे लागत राहिले. ज्यांना कधी पकडलेच नव्हते असे कावळेही त्यांत होते. याचा व्यवहारातला अर्थ असा की चेहरा झाकलेला असावा आणि एकाच लपणात लागोपाठ बसू नये.

पांढऱ्या शेतात पांढरा पोशाख हा उपाय उघड वाटतो, पण वसंताच्या तोंडाशी आलेला बर्फ क्वचितच एकसारखा पांढरा असतो. उघड्यावर तो करडा, शेणाजवळ पिवळट, झाडांच्या बुंध्याभोवती तर वितळून मातीचे कडे उमटलेले. म्हणून पोशाख आपल्या पाठीमागे काय आहे हे पाहून ठरवावा. झाडांच्या रांगेला पाठ लावून बसणार असल्यास कमरेखाली पांढरी विजार आणि वर उघड्या फांद्यांशी मिळणारा तपकिरी-करडा कोट, हा मेळ उत्तम बसतो. उघड्या शेतात, धसकटात आडवे पडायचे असेल तर संपूर्ण पांढरा झगा आणि त्यावर ओवलेली मक्याची वाळकी पाने. घरातील जुनी चादर चालते, मात्र धुण्याच्या पावडरीतील चमक आणणाऱ्या द्रव्यांमुळे कापड उन्हात निळसर उजळते आणि खऱ्या बर्फापुढे वेगळे उठून दिसते. अशी चादर साध्या सोड्याच्या पाण्यात बऱ्याच वेळा धुवावी किंवा एक दिवस पातळ चहाच्या पाण्यात बुडवून तिची चमक मारावी.

जागा निवडताना थंब भागातील पाण्याच्या चराचा विचार आधी करावा. सपाट शेतांतून पाणी काढण्यासाठी खणलेले हे खोल चर शेताच्या कडेने सरळ रेषेत जातात. त्यांच्या काठावर वाळके उंच गवत उभे असते आणि आत उतरले की छातीपर्यंतचा भाग आपोआप झाकला जातो. चराच्या तळाशी बर्फाखाली वाहते पाणी असू शकते, त्यामुळे काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकू नये. दुसरा पर्याय जुन्या कुंपणाच्या झुडपांचा, तिसरा शेतात उभ्या असलेल्या गोल गवताच्या गाठींचा. तयार मिळणारे पांढरे तंबू मला फारसे पटत नाहीत. त्यांचे छप्पर वाऱ्याने फडफडते आणि आतून वरचे दिसत नाही, तर कावळा बहुतेक वेळा डोक्यावरूनच येतो.

पावलांच्या खुणा हा बर्फातला खास धोका आहे. ताज्या बर्फातून शेताच्या मधोमध गेलेली निळसर सावल्यांची रांग आकाशातून स्पष्ट दिसते आणि ती थेट लपणाशी येऊन थांबलेली असते. म्हणून शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चालावे, ती जिथे संपेल तिथून झाडांच्या सावलीने जावे, आणि कावळ्यांना भुलवण्यासाठीचे नकली पक्षी मांडताना पडलेल्या पावलांवर जाता-जाता फांदी फिरवावी. पहाटे उणे दहा अंशांत बर्फावर कडक पापुद्रा धरलेला असतो, प्रत्येक पाऊल काचेसारखे वाजते आणि शांत हवेत तो आवाज दूरवर जातो. म्हणून कावळे रातथाऱ्यातून निघण्याच्या निदान अर्धा तास आधी जागेवर पोहोचलेले असावे.

नकली कावळे आणि घुबड

बर्फावर काळा ठिपका फार लांबून दिसतो, त्यामुळे इथे नकली पक्ष्यांची संख्या फारशी महत्त्वाची नाही. डझनभर पुरतात. गुळगुळीत प्लॅस्टिकचे कावळे उन्हात चकाकतात आणि त्यांच्या पाठीवर पहाटेचे दव गोठून पांढरे पडते. मखमली पृष्ठभागाचे घ्यावेत आणि उजाडल्यावर एकदा त्यांच्या पाठी हातमोज्याने पुसून घ्याव्यात.

मांडणी दोन प्रकारची असते. खाण्याची मांडणी शेणाच्या पट्ट्यावर किंवा धसकटात, वाऱ्याकडे तोंड करून, पक्ष्यांमध्ये दोन-तीन पावलांचे अंतर ठेवून करावी, आणि एक-दोन कावळे उंच फांदीवर पाळतीला बसवावेत. कळप खात असताना झाडावर पहारेकरी नसणे हे खऱ्या कावळ्याला खटकते. दुसरी मांडणी घुबडाची. प्लॅस्टिकचे शिंगवाले घुबड सहा-सात फूट उंचीच्या खांबावर उघड्यावर ठेवावे आणि सभोवती चार-पाच कावळे त्याच्याकडे तोंड करून लावावेत. हे वैर खरे आहे, कारण शिंगवाले घुबड रात्री झोपलेले कावळे मारते आणि दिवसा ते सापडले की कावळे जमून त्याला हैराण करतात. फेब्रुवारीत ही घुबडे मिशिगनमध्ये बर्फातही अंड्यांवर बसलेली असतात, त्यामुळे त्यांचा आणि कावळ्यांचा सामना या दिवसांत नित्याचा असतो. खरे घुबड संरक्षित आहे. नकली घुबडाकडे झेपावत एखादा ससाणा किंवा बहिरी ससाण्याच्या जातीचा पक्षी आला तर बंदूक खाली ठेवावी.

वारा पाठीमागून किंवा तिरपा असावा. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, त्यामुळे पाठीमागून वारा असला की ते समोरून आपल्याकडे येत राहतात. सूर्यही पाठीशी असावा, पण दोन्ही एकदम जुळत नसतील तर मी वाऱ्याला महत्त्व देतो आणि बर्फावरील चकाकीसाठी काळा चष्मा लावतो. मांडणी लपणापासून वीस ते पंचवीस मीटरांवर ठेवावी, म्हणजे तीच अंतराची खूणही होते.

हाक

कॉल म्हणजे कावळ्याची हाक काढणारे साधन. तोंडाने फुंकण्याची कॉल आणि इलेक्ट्रॉनिक कॉल, दोन्ही वापरली जातात. कावळ्यासाठी इलेक्ट्रॉनिक कॉलला बहुतेक राज्ये परवानगी देतात, तरी पुस्तिका पाहावी. थंडीत दोन्हींची अडचण होते. तोंडाच्या कॉलमधील पातळ पट्टीवर थुंकी गोठते आणि आवाज फाटतो, म्हणून दोन कॉल ठेवाव्यात आणि एक सतत कोटाच्या आत छातीशी असावी. इलेक्ट्रॉनिक कॉलची बॅटरी थंडीत झपाट्याने बसते. लिथियमची बॅटरी अधिक टिकते आणि राखीव बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. ध्वनिवर्धक लपणापासून दूर, मांडणीच्या मध्यावर ठेवावा, म्हणजे पक्ष्यांची नजर आपल्यावर येत नाही.

सुरुवात कधीही भांडणाच्या कल्लोळाने करू नये. आधी तीन-चार संथ, मोकळ्या हाका द्याव्यात, मिनिटभर थांबावे, उत्तर येते का ते ऐकावे. उत्तर देणारा एकटा पहिला पक्षी टेहळ्या असतो. तो टप्प्यात आला तर त्याच्यावर बार काढावा. टप्प्यात आला नाही तर श्वास रोखून स्तब्ध बसावे, कारण लपणात माणूस पाहून परतलेला टेहळ्या पाठीमागच्या सगळ्यांना सावध करतो. मोठा थवा दूरवर दिसला की मगच घुबडाशी झटापटीचा आवाज सुरू करावा आणि थवा वळून वेगाने यायला लागला की आवाज कमी करावा. एका जागी वीस-पंचवीस मिनिटांत जे व्हायचे ते होते. पहिली लाट हीच सर्वांत मोठी असते. त्यानंतर येणारे पक्षी आधीच्यांचा ओरडा ऐकून येतात आणि उंचावर घिरट्या घालून निघून जातात. साहित्य आवरून दोन किलोमीटर पुढच्या, आधीच परवानगी घेतलेल्या शेतात जाणे अधिक शहाणपणाचे आहे.

बंदूक आणि थंडी

बारा किंवा वीस गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) छऱ्यांची बंदूक, इम्प्रूव्हड सिलिंडर किंवा मॉडिफाइड चोक (छऱ्यांचा फवारा आवळणारे नळीचे अरुंद तोंड) आणि सहा किंवा साडेसात क्रमांकाचे छरे, एवढे कावळ्याला पुरते. पक्षी जेमतेम अर्धा किलोचा असतो. बर्फात जास्त काळजी नळीची घ्यावी लागते. पडताना किंवा झुडपात रेटताना नळीच्या तोंडात बर्फाची गोळी बसली आणि तसाच बार काढला, तर नळी फाटून हात जाऊ शकतो. संशय आला की काडतूस काढावे, बंदूक उघडून उजेडाकडे नळीतून पाहावे आणि मगच पुढे जावे. दाट तेल थंडीत घट्ट होते आणि स्वयंचलित बंदूक अडखळते, त्यामुळे जुने तेल पुसून पातळ हात फिरवावा. गरम गाडीत आणलेल्या थंड बंदुकीवर पाणी जमते आणि बाहेर नेल्यावर ते आत गोठते. दोन शेतांमधल्या प्रवासात बंदूक रिकामी करून पिशवीत, गाडीच्या मागच्या डिकीत ठेवावी. मिशिगनचा कायदाही तेच सांगतो.

हातमोजा इतका जाड नसावा की बोट चापाच्या कड्यात अडकेल. कानांना संरक्षण असावे. दोघे असतील तर कोणाचा कोणता कोन हे मांडणीआधी ठरवावे आणि दुसऱ्याच्या बाजूला गेलेला पक्षी सोडून द्यावा. येता-जाता केशरी टोपी घालावी, कारण पांढऱ्या कपड्यातला माणूस दुसऱ्या शिकाऱ्याला दिसत नाही.

बार

तीस मीटरांपलीकडे बार काढू नये. त्या अंतरावर कावळ्याची चोच आणि डोळा वेगळा ओळखू येतो, आणि तेवढा जवळ आल्यावर कावळ्याचा मोठा भाऊबंद रेव्हनही ओळखता येतो. रेव्हनच्या शिकारीला परवानगी नाही. तो दुपटीहून अधिक जड असतो, त्याची शेपटी पाचरीसारखी टोकदार दिसते, गळ्याशी पिसांची दाढी असते, तो घारीसारखा तरंगतो आणि त्याचा आवाज घोगरा, खोल असतो. खालच्या द्वीपकल्पाच्या उत्तरेकडे त्याची गाठ नक्की पडते.

जमिनीवर बसलेल्या पक्ष्यावर बार टाळावा. बर्फाच्या कडक पापुद्र्यावरून छरे उसळून लांब जातात. तारांवर बसलेल्या पक्ष्याच्या दिशेने तर कधीच नाही. हवेत असलेल्या कावळ्याला तो पंख आवरून उतरायला लागतो त्या क्षणी पुढे धरून मारावे. वळणारा कावळा दिसतो त्यापेक्षा सावकाश उडत असतो, त्यामुळे नवखे फार पुढे मारतात. जखमी पक्षी पडल्यास बाकीचे सोडून आधी त्याचा शेवट करावा. मेलेले पक्षी दोन लाटांच्या मधल्या शांततेत उचलावेत. पांढऱ्या बर्फावर उताणा पडलेला कावळा आणि रक्ताचा डाग पाहून येणारे पक्षी लांबूनच धोक्याची हाक देतात.

काडतुसाचे रिकामे टोपण बाहेर पडताना गरम असते. ते बर्फावर पडते, क्षणभर वाफाळते आणि स्वतःपुरते भोक पाडून खाली जाते. वरून फक्त बोटाएवढा काळा गोल दिसतो, आणि दुपारी वितळण्यास सुरुवात झाली की तोही मिटतो. त्यामुळे प्रत्येक लाटेनंतर लगेच वेचणे हा एकच उपाय. मे महिन्यात चाऱ्याच्या यंत्रात शेतकऱ्याला आपली टोपणे सापडली तर पुढच्या वर्षी दार उघडण्याची अपेक्षा करू नये.

मारलेल्या पक्ष्यांचे काय करावे

कावळे शेतात टाकून येणे ही वाईट सवय आहे. शिशाच्या छऱ्यांनी मेलेले पक्षी बर्फावर पडून राहिले की टकल्या गरुडांसारखे पक्षी ते खातात आणि त्यांना शिशाची विषबाधा होते. शक्य असल्यास पोलादी छरे वापरावेत आणि पक्षी बरोबर न्यावेत किंवा शेतकऱ्याच्या संमतीने खोल पुरावेत. अमेरिकेत काही जण छातीचे मांस खातात. ते गडद असते आणि रात्रभर मुरवून नीट शिजवल्यास खाण्याजोगे होते, असा त्यांचा निर्वाळा आहे. हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. 1999 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या वेस्ट नाइल विषाणूला कावळे फार बळी पडले, आणि 2022 पासून अमेरिकेत पसरलेल्या एच-फाइव्ह-एन-वन बर्ड फ्लूची लागणही त्यांना होते. सुस्त, मान वाकडी केलेला किंवा आधीच मेलेला पक्षी उचलू नये. मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत शिजवावे.

मार्चमधील बदल

मार्चचा पहिला आठवडा उलटला की हेच तंत्र हळूहळू लागू पडेनासे होते. कॅनडाकडे परतणारे कावळे उत्तरेला निघतात, रातथारे रिकामे होऊ लागतात आणि स्थानिक जोड्या आपापल्या हद्दी राखू लागतात. कळपाची हाक ऐकून आता झुंड येत नाही. मात्र परक्या एकट्या कावळ्याची संथ, सावकाश हाक हद्दीतील जोडीला चिडवते आणि ती खाली, सरळ झेपावत येते. नकली पक्षी तीन-चारच ठेवावेत, घुबड काढून टाकले तरी चालते. बर्फ उरलेल्या उत्तरेकडच्या उतारांवर आणि झाडीच्या सावलीत बसल्यास पांढरा पोशाख अजून उपयोगी पडतो, उघड्या मातीवर तो घातक ठरतो.

याच दिवसांत एखादा कावळा चोचीत काटकी घेऊन झाडीकडे जाताना दिसेल. अमेरिकी कावळ्यांच्या घरट्याला आई-बापांबरोबर आधीच्या वर्षांची पिल्लेही हातभार लावतात, त्यामुळे एक जोडी फुटली की सगळे कुटुंब विस्कटते. ज्या शेतात काटकी नेणारा कावळा दिसला, त्या शेतातली शिकार माझ्या मते त्याच दिवशी संपवावी, हंगाम 31 मार्चपर्यंत असला तरी. कावळ्यांचा रोष असलेले शेतकरी याला हरकत घेतात. त्यांना सांगावे की मक्याचे कोंब उपटणारे थवे मे महिन्यात येतात आणि त्यांच्याविरुद्ध परावर्तक फिती, मोठ्या आवाजाचे बार आणि बियाण्यावरील कडू लेप अधिक कामास येतात.

शेवटच्या दिवशी नकली पक्षी ओले बांधून ठेवू नयेत, त्यांची मखमल बुरशी धरते. दोन दिवस गराजमध्ये टांगून ते पूर्ण वाळवावेत. पांढरा झगा साबण न लावता धुवावा. बंदूक खोलून नळी, चाप आणि दस्त्याखालचा भाग पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, कारण बर्फाचे पाणी दस्त्याखाली साचून गंज धरतो आणि तो ऑगस्टपर्यंत दिसत नाही. एप्रिलमध्ये पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी शेतकऱ्याकडे एकदा जाऊन यावे, किती पक्षी मारले ते सांगावे, आणि पुढच्या फेब्रुवारीत शेण कोणत्या शेतात पडण्याची शक्यता आहे, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.